वीस लिटर आंबट बिअर

येना, १२ मे २०२५

ती. कुंदाआत्यास प्रद्युम्नचा नमस्कार.

टपालाने सल्ला मागायची वेळ हल्ली कुणावर येत नसेल, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईल तू वापरत नाहीस. तेव्हा तुझ्या नियमाप्रमाणे शाईने लिहितो आहे. उत्तर मात्र लवकर पाठव. तू तीस वर्षं पेयांच्या प्रयोगशाळेत काढलीस आणि माझी वीस लिटर बिअर सध्या संशयात आहे.

मी घरी बिअर करतो हे तुला माहीत आहे. आमच्या भिंगांच्या कंपनीतला प्रत्येक जण काही ना काही घरी करतो, कुणी पाव, कुणी मध. तीन वर्षांत माझी बिअर एकदाही बिघडली नव्हती. या वेळची पाच एप्रिलला लावली आणि ईस्टरनंतर बाटल्यांत भरली. अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या, तारेच्या कडीने बंद होणाऱ्या. जूनच्या शेवटी आमच्या इमारतीचं होफफेस्ट असतं. सगळी बिऱ्हाडं अंगणात टेबलं मांडून एकत्र जेवतात, आणि बिअर माझी हे ठरलेलं असतं.

परवा शनिवारी चव बघायला खालच्या मजल्यावरचे म्हातारे केसलर आणि ऑफिसातले दोघे आले होते. पहिली बाटली उघडली तर कारंजं उडालं, थेट छतापर्यंत. उरलं ते चाखलं, तर ताकासारखं आंबट. बाकीच्या बाटल्यांच्या गळ्याशीही पांढरट कडं दिसतं आहे.

कारण उघड आहे. सासूबाई, ज्ञानदाच्या आई, मार्चपासून आमच्याकडे आहेत. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली आहे, तिथे हीटरचा पाइप जातो म्हणून ऊब असते. त्या तिथे दही लावतात, माझ्या पिंपाच्या अगदी शेजारी. शिवाय झाकण उघडून आत डोकावायची सवय. मी त्यांना हसत हसत समजावून सांगितलं. सगळे हसले, विषय संपला.

आता दोन प्रश्न. ही बिअर पिऊन कुणी आजारी पडेल का? आणि नसेल पडणार, तर होफफेस्टला 'आंबट बिअर' म्हणून देऊ का? इथे लोक ती आवडीने पितात. केसलरना सहा बाटल्या भरल्या त्याच दिवशी देऊन बसलो आहे. तू फक्त एवढं लिही की दह्यामुळे असं होऊ शकतं, म्हणजे माझी शंका फिटेल.

ज्ञानदाचा नमस्कार. अन्वी दुसरीत जाईल. मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये.

तुझा,
प्रद्युम्न

•

बॉन, १५ मे २०२५

चि. प्रद्युम्न,

पत्र आज मिळालं. आधी महत्त्वाचं.

पिऊन कुणी मरणार नाही. अल्कोहोल आणि आंबटपणा असला की माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा तग धरत नाहीत. धोका पोटाला नाही, डोळ्यांना आहे. बाटलीत शिरलेलं जे काही आहे ते अजून साखर खातं आहे आणि वायू सोडतं आहे. उबदार दिवस आला की बाटली फुटते, आणि काच कुणाचं नातं बघत नाही. केसलरांच्या बाटल्या पत्र वाचून होताच परत आण. सगळ्या क्रेट केलरमध्ये, तळघरात, थंड जागी ठेव. वर जाड गोधडी टाक. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, आणि एकेक कडी फडक्याखाली हळूहळू सैल कर. होफफेस्टला द्यायचा विचार सोड. आंबट बिअर करणारे ती ठरवून करतात.

आता दही. वाटीवर झाकण असेल तर दही शेजारच्या पिंपात उडी मारत नाही. शिवाय बिअरमधली हॉपची कडू फुलं दह्याच्या बहुतेक जंतूंना जगू देत नाहीत. झाकण दोनदा उघडल्याने बिघडेलही कदाचित, पण सगळ्या चाळीस बाटल्या एकसारख्या? अशा वेळी आम्ही भांड्याकडे बघत असू. तुझ्या पिंपाला खाली नळ आहे ना? तो शेवटचा कधी सुटा करून धुतलास? आटे, चकती, आतली नळी? आणि मधल्या काळात ते पिंप दुसऱ्या कशाला वापरलं होतं का? नळ उघड, बघ आणि कळव.

आणखी एक. 'हसत हसत समजावलं' म्हणजे नेमकं काय बोललास?

कुंदाआत्या

•

येना, १६ मे २०२५

प्रिय कुंदाताई,

लग्नात ओळख झाली तेव्हापासून आपण एकमेकींना वर्षाला दोन पत्रं लिहितो. या वेळी पत्राऐवजी मीच येणार होते, पण जमणार नाही असं दिसतं. गुडघे फार दुखतात. तिकीट पाच जूनचं होतं ते बदलून बावीस मेचं करून घेतलं. ज्ञानदाला वाटतं मला साताऱ्याची आठवण येते. तसंच समजू दे.

तुम्हाला एक विचारायचं होतं, तुम्ही या विषयातल्या म्हणून. प्रद्युम्नराव घरी बिअर करतात. पिंपाच्या झाकणावर काचेची वाकडी नळी असते, तिच्यातून बुडबुड आवाज येतो. दुपारी घरात कुणी नसायचं, तेव्हा तो आवाज ऐकत मी तिथे स्टुलावर निवडायला बसायची. सोबत वाटायची. एकदा झाकण उचलून आत बघितलं. हात धुतलेले होते, पण बघितलं हे खरं. पाहुण्यांना बोलावलं त्या दिवशी सगळी बिअर आंबलेली निघाली. एकदा बघितल्याने असं होतं का हो?

येताना फडक्यावर विरजण वाळवून आणलं होतं. पुष्कळ वर्षांचं होतं. रविवारी ते फडकं आणि दह्याची वाटी, दोन्ही गरम पाण्याने धुऊन टाकलं. आता दुकानातलं दही आणतो, तेही चांगलं असतं.

प्रद्युम्नराव स्वभावाने चांगले आहेत. कामाचा ताण असतो. माझं पत्र आलं हे त्यांना कळवायची गरज नाही.

तुमची,
नीलिमा

•

येना, १८ मे २०२५

ती. कुंदाआत्या,

तुझं पत्र शनिवारी आलं आणि तासाभरात मी खाली केसलरांच्या दारात होतो. सहापैकी पाच बाटल्या मिळाल्या. सहावी त्यांनी शुक्रवारी प्यायली. म्हणे, "आल्झो, मला आवडली, मुळ्याबरोबर छान लागते." बाकीच्या त्यांनी खिडकीत ठेवल्या होत्या, उन्हात!

मग केलरमध्ये मोहीम काढली. बर्फावर घसरायला जाताना लावतो तो मोठा चष्मा, बागकामाचे मोजे, वर जुनी रजई. अन्वी दारातून ओरडत होती, "पापा, तू अंतराळवीर दिसतोस," अर्थात जर्मनमध्ये. दोन बाटल्या रजईखालीच फुटल्या. बाकीच्या सगळ्या ओतल्या. कुणाला काही लागलं नाही. तुझे आभार कसे मानू?

पिंप आणि नळ तपासला. ठीक आहे.

अंगणात आता या बिअरचं नाव 'योगुर्टबीअर', दह्याची बिअर, पडलं आहे. केसलर जिन्यात भेटले की विचारतात. अन्वीने शाळेतसुद्धा सांगितलं, ओमाने, म्हणजे आजीने, बिअर कापुट केली, बिघडवली. पोरं काय, कशाचीही गोष्ट करतात.

ज्ञानदाच्या आई लवकर परत जायचं म्हणताहेत. वय झालं, इथे करमत नाही. बॉनला येणं राहून गेलं याचं त्यांना वाईट वाटतं आहे.

तुझा,
प्रद्युम्न

•

बॉन, २० मे २०२५

चि. प्रद्युम्न,

बाटल्या ओतल्यास, बरं झालं.

केसलरच्या मुळ्यापासून तुझ्या चष्म्यापर्यंत सगळं लिहिलंस. मी ज्या दोन गोष्टी विचारल्या त्यांतल्या एकीला चार शब्द दिलेस आणि दुसरीला एकही नाही. तीस वर्षं मी लोकांचे अहवाल वाचले. ज्याने खरोखर नळ उघडला तो लिहितो की चकती काळी होती, आट्यात हे अडकलं होतं, मी असं घासलं. 'ठीक आहे' असं एक तर न उघडणारा लिहितो, नाही तर उघडून घाबरलेला.

तू लहानपणापासून न उघडणाऱ्यांतला नाहीस.

नीलिमाताईंचं मला पत्र आलं आहे. कळवू नका म्हणाल्या होत्या, तरी कळवते आहे. त्यात तुझ्याविरुद्ध एक अक्षर नाही, म्हणूनच मला चैन पडत नाही. त्यांना मी वेगळं उत्तर आजच टाकते आहे, की झाकण एकदा उचलल्याने वीस लिटर बिअर नासत नाही. त्या बावीसला निघताहेत. टपालाचा भरवसा नाही, पण तू त्याच घरात आहेस. मधे दोन दिवस आहेत.

कुंदाआत्या

•

येना, २३ मे २०२५

ती. कुंदाआत्या,

तुझी दोन्ही पाकिटं काल एकदमच आली, दुपारी. त्यांची गाडी सकाळची होती.

नळ मी उघडला होता. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच, रविवारी अकराला. आत पांढरा थर होता, आट्यांत भरून वाळलेला, टोकाने खरवडावा लागला. पाण्यात भिजवून वास घेतला. उडीद डाळ. आंबवलेलं इडलीचं पीठ.

पाडव्याला इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, नव्वद माणसांच्या इडल्या. एवढं पीठ आंबवायला भांडं कुणाकडे नव्हतं, तेव्हा मीच मोठेपणाने माझं पिंप मंडळातल्या रुपेशला दिलं. वर सांगितलं की तळाशी नळ आहे, पीठ काढायला सोपं जाईल. सगळ्यांनी वाहवा केली. रुपेशने ते लखलखीत धुऊन परत आणलं. नळ सुटा होतो हे त्याला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. आठवड्याने बिअर लावताना मी पिंप जंतुनाशकाने विसळलं आणि नळ तसाच राहू दिला. अर्ध्या तासाचं काम होतं, कंटाळा केला.

म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. मला सल्ला नको होता. तू 'दह्याने होऊ शकतं' असं एकदा लिहिलं असतंस तर ते मी घरात वाचून दाखवणार होतो.

काय बोललो तेही सांगतो. बाटली उडाली, पाहुण्यांचे कपडे भिजले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी म्हणालो, "आई, तुमचा हात लागला की घरातलं सगळं आंबतं." दुसऱ्या दिवशी त्या सिंकपाशी दह्याची वाटी घासत होत्या आणि मी दोन पावलांवर, कोठीत, हातात उघडलेला नळ घेऊन उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. पुढचे दहा दिवस रोज सांगता आलं असतं.

काल त्यांची बॅग मी स्टेशनवर उचलून नेली. गाडी अकरा मिनिटं उशिरा होती. ज्ञानदा त्यांना विमानतळापर्यंत सोडायला जाणार होती, ती पाण्याची बाटली आणायला गेली. आम्ही दोघंच फलाटावर. त्या म्हणाल्या, "अन्वीचा स्वेटर उसवलाय बाहीला, शिवून कपाटात ठेवलाय." मी म्हणालो, "बरं." अकरा मिनिटांत मी एवढंच बोललो.

आता काय करू?

प्रद्युम्न

•

बॉन, २६ मे २०२५

चि. प्रद्युम्न,

मला विचारू नकोस. मी क्षमा करून काय उपयोग, माझं तू काही बिघडवलं नाहीस; फक्त खोटं बोललास, ते मी बघून घेईन.

आज ज्ञानदाला सांग. मग साताऱ्याला पत्र लिही. फोन करू नकोस. फोनवर त्या लगेच "जाऊ द्या हो" म्हणतील, आणि तुला सुटल्यासारखं होईल. माझं त्यांच्या नावाचं पाकीट त्यातच घालून पाठव. नळाचं सगळं लिही. फार रडू नकोस त्यात.

कुंदाआत्या

•

येना, २८ मे २०२५

ती. आईंना सा. नमस्कार.

सोबत कुंदाआत्याचं पत्र आहे. ते तुम्ही निघालात त्याच दिवशी आलं. त्याबरोबर मला जे सांगायचं आहे ते लिहितो.

बिअर तुमच्यामुळे बिघडली नाही. दह्यामुळे नाही आणि झाकण उघडल्यामुळेही नाही. पाडव्याला पिंपात इडलीचं पीठ आंबवलं होतं. ते नळात राहिलं आणि मी नळ न धुता बिअर लावली. मागच्या बाजूला नळाचं चित्र काढलं आहे. जिथे बाण आहे तिथे पीठ अडकलं होतं. हे मला अकरा मेला कळलं होतं. तुम्ही बावीसपर्यंत घरात होतात आणि मी बोललो नाही, याची मला फार लाज वाटते.

ज्ञानदाला सांगितलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे.

तुमची चूक नसताना तुम्हाला दोष दिला. मला क्षमा करा. पुढच्या मार्चमध्ये तुम्ही पुन्हा यावं असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

आपला,
प्रद्युम्न

•

सातारा, १४ जून २०२५

चि. प्रद्युम्नराव यांना आशीर्वाद.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. कुंदाताईंचंही वाचलं. नळाचं चित्र चांगलं काढलं आहे, समजलं.

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलं कबुली द्यायला येतात तेव्हा बहुधा सोपी चूक आधी सांगतात. मी रागवत नसे, थांबत असे. तुमचं पत्र वाचतानाही शेवटच्या ओळीपर्यंत थांबले.

बिअर माझ्या हातून नासली असती तरी मी दोन आठवडे आधी निघाले नसते. माझ्या हातून संसारात पुष्कळ नासलं आहे, आणि ज्ञानदाचे वडील याहून लागट बोलत. मी त्यांना उलट बोलायची. तुम्ही मराठीत बोललात तेव्हा मीसुद्धा हसले होते, आठवून बघा. मनात म्हटलं, पाहुणे गेले की यांना याहून आंबट उत्तर देऊ.

मग तुम्ही त्या तिघांकडे वळलात आणि तेच जर्मनमध्ये सांगितलंत. मी तेव्हा खाली बसून फडक्याने फरशी पुसत होते. ते माझ्याकडे बघून हसले. श्वीगरमुटर, सासू, एवढाच शब्द मला कळला, कारण अन्वीने शिकवला होता. ते म्हातारे गृहस्थ काहीतरी म्हणाले, मग सगळे आणखी हसले. दुसऱ्या दिवशी बागेत अन्वीने मोडक्या मराठीत, हातवारे करून, मला सगळं समजावून सांगितलं. तिला वाटलं, आजीला जोक कळला नाही. म्हाताऱ्यांनी म्हटलं होतं, "माझीसुद्धा तशीच होती."

घरातलं माणूस घरात बोलतं ते वेगळं. तुम्ही मला त्यांच्यासाठी भाषांतर करून वाढलंत. त्यात पिठाचा काही संबंध नाही.

माझी क्षमा मागू नका. जे तुम्ही त्यांना सांगितलंत ते त्यांनाच सांगा, त्याच भाषेत, आणि अन्वी समोर असू द्या. मग ते काय म्हणाले हे मला कळवा. येण्याचं नंतर बघू.

नीलिमा

•

येना, २९ जून २०२५

ती. आईंना सा. नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. काल होफफेस्ट झालं.

या वर्षी बिअर दुकानातून आणली. जेवणं अर्धी झाल्यावर मी उभा राहिलो. अंगणात तीसेक माणसं होती. माझ्या ऑफिसातला एक जण आला होता, दुसरा सुट्टीवर आहे, त्याला परत आल्यावर सांगेन. केसलर अगदी समोर बसले होते. अन्वी बाकावर, ज्ञानदाच्या शेजारी.

मी चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. म्हणालो, मे महिन्यात मी माझ्या सासूबाईंबद्दल एक वाक्य बोललो होतो, त्याविषयी बोलायचं आहे. केसलरांनी विचारलं, "कुठलं वाक्य?" ऑफिसातल्या मित्रालाही आठवेना. त्यांना कारंजं आठवत होतं, भिजलेले शर्ट आठवत होते. ते वाक्य त्यांनी त्याच संध्याकाळी सोडून दिलं होतं. म्हणजे क्षमा मागण्यासाठी मला ते आधी पुन्हा बोलून दाखवावं लागणार होतं. मी सुरुवात केली आणि मधेच अडखळलो.

तेव्हा अन्वीने ते पूर्ण केलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझे शब्द जसेच्या तसे. 'सगळं'वर मी दिला होता तो जोर, शेवटी मी हसलो होतो ते हसूसुद्धा. तिला वाटलं, पापा विसरला, मदत करू या.

कुणी हसलं नाही. आपण त्यावर काय म्हणालो होतो ते केसलरांना आठवलं असावं, ते ताटाकडे बघत राहिले. मी पुढचं सगळं बोललो: नळ, पीठ, तुम्ही फरशी पुसत होतात ते, आणि दहा दिवस मी गप्प राहिलो ते. केसलर उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुमच्या सासूबाईंचं नाव काय?" अडीच महिने तुम्ही त्यांच्या डोक्यावर राहत होतात आणि मी कधी नाव सांगितलं नव्हतं. सांगितलं. त्यांनी तुम्हाला लिहायचं म्हणून पत्ता मागितला आहे. देऊ का, ते तुम्ही सांगा.

तुम्ही विचारलंत ते काय म्हणाले, तर एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर मी अन्वीला जवळ घेऊन सांगितलं की ते वाक्य खोटं होतं आणि वाईट होतं. ती "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाली आणि खेळायला गेली. आज सकाळी तिच्या हातून दूध सांडलं, तेव्हा ती स्वतःलाच ते म्हणाली. माझा हात लागला की सगळं आंबतं. त्याच चालीत.

आई, ते तिच्या तोंडून कसं काढून घ्यायचं, मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा.

प्रद्युम्न